शांततेच्या बैठकीतील आपली जागा

(दिग्रस येथील बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांच्या सभेपुढे एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



सभेच्या चालकांनी मला ‘पोलीस आणि आपला समाज’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. वकिलाला पोलिसांविषयी बोलावयास सांगितले म्हणजे तो तक्रारींचा पाढा वाचणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. तक्रारी आहेत, आणि त्या मी झाकून ठेवणार नाही. परंतु आज मुख्यतः मला एका पोलीस अधिकाऱ्याने एका दंगलग्रस्त शहरात केलेल्या कामाची हकीगत सांगावयाची आहे, आणि त्या हकीगतीवरून आपणांपुढे एक मागणी ठेवावयाची आहे.

प्रथम माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. कायद्याची पदवी घेऊन मी नुकतीच वकिली सुरू केली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका गावी मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी ज्यांची धरपकड झाली त्यांत आपल्या समाजाचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. दगडफेक झाली तेव्हा तो आपल्या आजारी आईजवळ होता, असे शेजारीपाजारी सांगत होते. परंतु त्या ठाण्यात त्याला ओळखणारा, त्याच्याविषयी चांगला शब्द बोलणारा एकही इसम नव्हता. खटला कित्येक वर्षे चालला. शेवटी तो निर्दोष सुटला. निकालाची प्रत हातात घेऊन तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, मी सुटलो खरा; पण मला पोलिसात भरती व्हायचे होते, आणि आता वय निघून गेले.” मी त्याला काय उत्तर देणार? निर्दोष सुटका हा न्याय होय, परंतु गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देत नाही. त्या दिवसापासून माझी अशी खात्री झाली की, दंगलीनंतर लढविलेल्या दहा खटल्यांपेक्षा टाळलेली एक दंगल आपल्या मुलांच्या अधिक हिताची आहे.

दंगल टाळावयाची कशी, या प्रश्नाचे एक उत्तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ गौतमाच्या चरित्राच्या आरंभीच ठेवले आहे. शाक्य आणि कोलीय या दोन शेजारी राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. पाणी दोघांनाही हवे होते, आणि प्रथम कोणी घ्यावयाचे यावरून वारंवार तंटे होत. एकदा प्रकरण मारामारीपर्यंत गेले, दोन्हीकडचे लोक जखमी झाले, आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने त्याला विरोध केला. त्याची सूचना अगदी साधी होती. आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी आपली दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी तंटा मिटवावा. संघाने बहुमताने ती सूचना फेटाळली. पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. सिद्धार्थाने गृहत्याग पत्करला, परंतु युद्धात भाग घेतला नाही.

या सूचनेतील मर्म नीट ध्यानात घ्या. दोन्ही बाजूंची माणसे सारख्या संख्येने एका जागी बसवावयाची, आणि ती रक्त सांडण्यापूर्वी बसवावयाची. जवळजवळ हाच विचार आपल्या महाराष्ट्रातील एका पोलीस अधिकाऱ्याने भिवंडी येथे अमलात आणला. त्यांचे नाव श्री. सुरेश खोपडे.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आहे. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली कारागीर, स्थानिक मराठी लोक, सुताचा व कापडाचा व्यापार करणारे व्यापारी, अशी तेथील वस्ती आहे. एकाचे सूत, दुसऱ्याचा माग आणि तिसऱ्याची मजुरी यांवर सगळ्यांची चूल पेटते. तरीही हे शहर दंगलींसाठी कुप्रसिद्ध झाले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाड येथपर्यंत गेले. त्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमण्यात आला. दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या विशेष पथकाने पक्षपात केला, असा स्पष्ट निष्कर्ष त्या आयोगाने नोंदविला. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. त्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई या टापूत पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली.

चार वर्षांनी, १९८८ साली, खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. अशा शहरात नेमणूक झालेला अधिकारी सामान्यतः काय करतो? जादा कुमक मागवितो, गुंडांच्या याद्या करतो आणि सणासुदीला शांतता समितीची बैठक बोलावितो. शांतता समिती म्हणजे काय हे दिग्रसकरांना सांगावयास नको. सण जवळ आला म्हणजे प्रतिष्ठित मंडळींना ठाण्यात निमंत्रण जाते, चहापान होते, बंधुभावाची भाषणे होतात आणि सण संपला म्हणजे समितीही संपते. खोपड्यांनी १९८४ च्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला होता. जी माणसे एकमेकांना केवळ दंगलीच्या तोंडावर भेटतात, त्यांच्यात विश्वास उत्पन्न होण्यास अवसरच नसतो, ही गोष्ट त्यांनी ओळखली. तेव्हा त्यांनी उलट दिशेने आरंभ केला. शहराच्या निरनिराळ्या भागांत त्यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुसलमान सभासद सारख्या संख्येने घेतले. सभासद पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतील सामान्य रहिवासी असावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. ठाण्यातील पोलीस या समित्यांशी जोडून दिले आणि बैठका नियमाने भरू लागल्या.

दोन्ही समाजांची माणसे वर्षभर अशी समोरासमोर बसू लागली म्हणजे काय होते? पाण्याच्या नळावरचे भांडण, पोरांची मारामारी, मुलीची काढलेली छेड, ही प्रकरणे लहान असतात तोवरच सर्वांच्या कानी येतात. दोन माणसांचा तंटा दोन धर्मांचा तंटा होण्यापूर्वीच तो मिटविता येतो. आणि अफवा उठली तर ती खरी की खोटी हे विचारावयास पलीकडच्या गल्लीत एक ओळखीचे दार असते. पोलिसालाही गल्लीतील माणसे नावाने कळतात. तो केवळ काठी घेऊन येणारा परका राहत नाही. माझ्या त्या तरुण अशिलाला ठाण्यात असा एक ओळखणारा असता, तर त्याचे आयुष्य वेगळे झाले असते.

या कामाची कसोटी १९९२ साली लागली. ज्या ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानिमित्त चैत्यभूमीकडे जातो, त्याच दिवशी त्या वर्षी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली. डिसेंबरात आणि पुढे जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात या दोन टप्प्यांतील मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. पोलिसांच्या वर्तनावरही आयोगाने कठोर ताशेरे ओढले. आणि मुंबईच्या उंबरठ्यावरील भिवंडी, जिच्या नावाने लोक दचकत असत, ती शांत राहिली. त्या वेळी खोपड्यांची बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेले श्री. गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम चालू ठेवले होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अधिकारी बदलला तरी बैठक बदलली नाही, म्हणून शहर वाचले.

पुढे मुंबईनेही हा धडा घेतला. पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी, माजी आयुक्त श्री. ज्युलिओ रिबेरो आणि श्रीमती सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने होरपळलेल्या वस्त्यांत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. वस्तीतील तरुण आणि पोलीस यांच्यात क्रिकेटचे सामने भरविण्यात येऊ लागले. ज्याच्या हाती दगड जावयाचा त्याच्या हाती चेंडू देण्याची ही युक्ती वरवर पोरकट वाटेल. परंतु ज्याच्याशी एक डाव खेळलो, त्याला वाटेल तसा बदडून काढणे मनुष्याला कठीण जाते.

आता आपल्यापैकी कोणी विचारील की, हे सर्व हिंदू-मुसलमानांच्या भांडणाविषयी झाले. त्यात आपला काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे लोकांना दिसले. लोक संतापून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि आपले दहा जण ठार झाले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास २००९ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरविले. परंतु त्या दहा घरांतील दिवे पुन्हा लागले नाहीत. त्या सकाळी बंदूक घेऊन आलेल्या दलाला ती वस्ती माहीत नव्हती. पुतळ्याचा अपमान म्हणजे त्या वस्तीला काय वाटते, हे बंदुकीच्या नळीतून दिसत नाही. ज्या पोलिसाने त्या वस्तीतील माणसांबरोबर महिन्यामागून महिना बैठक मारली आहे, त्याला ते दिसते. तेव्हा पोलिसांनी आपल्याला ओळखावे, ही आपल्या जिवाची गरज आहे.

परंतु एकदा समिती नेमली की शांतता कायमची झाली, अशा भ्रमात मात्र राहू नका. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून रहिवासी आणि पोलीस यांच्यातच संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. साता समुद्रापलीकडचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात तरुणांच्या टोळ्यांत गोळीबार होऊन मुले मरत होती. तेथे १९९६ च्या सुमारास पोलीस, कृष्णवर्णीय वस्त्यांतील धर्मोपदेशक आणि समाजसेवक एकत्र आले. हिंसा करणारे फार थोडे असतात हे ओळखून त्यांनी त्या थोड्यांना समोर बसविले. गोळी चालली तर कायदा कोणती पावले उचलील हे त्यांना स्पष्ट सांगितले, आणि सुधारावयाचे असेल तर शिक्षण व नोकरी यांसाठी मदत देऊ केली. तरुणांचे खून निम्म्याहूनही कमी झाले. पुढे ती योजना ढिली पडली आणि खून पुन्हा वाढले. घरातील कंदिलात तेल रोज घालावे लागते. कालच्या तेलावर आजची रात्र निघत नाही.

आता मी वकील म्हणून एक इशारा देतो, आणि तो आपण घरोघर सांगावा अशी माझी विनंती आहे. शांततेच्या नावाखाली आपल्या हक्कांचा सौदा होऊ देऊ नका. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, उधारीचे तंटे गावातच मिटावेत हा हेतू उत्तम आहे. परंतु एखाद्या बाईवर अत्याचार झाला, एखाद्याला जातीवरून मारहाण झाली, आणि पंच म्हणू लागले की ‘गावाचे नाव खराब होईल, मिटवून टाका’, तर तेथे आपण ठामपणे उठून उभे राहिले पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, याखालील गुन्हा पक्षकारांनी आपसांत मिटविण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. नळाचा तंटा समितीत जाईल. अत्याचाराची फिर्याद ठाण्यात जाईल. या दोन वाटा एकमेकींत मिसळू देऊ नका. अन्यायावर पांघरूण घालून मिळविलेली शांतता ही शांतता नव्हे, ती दहशत होय.

येथे अनेक नवदीक्षित कुटुंबे बसली आहेत. त्यांच्या मनात एक शंका नेहमी असते की, बुद्धाला शरण गेल्यावर या कायद्याचे संरक्षण राहते काय? राहते. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि त्यात बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचे संरक्षण धर्मांतराने जात नाही. आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, या कायद्याखाली फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले आहे. दुसरी, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तिसरी, १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावयास पाहिजे. पोलीस अधीक्षकही तिचे सभासद असतात. ती बैठक झाली की नाही, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

हक्क हातात घट्ट धरून मग बैठकीस जावे, एवढेच माझे सांगणे आहे. आता माझी मागणी ऐका.

दिग्रस हे काही भिवंडी नव्हे. परंतु येथेही हिंदू, मुसलमान, बौद्ध, बंजारा असे सर्व समाज एकाच बाजारात वावरतात, एकाच रस्त्याने मिरवणुका नेतात. पोळा, गणपती, ईद, मोहरम, भीमजयंती हे दिवस दरवर्षी येतात. मिरवणुकीच्या मार्गाचा प्रश्न आदल्या रात्री ठाण्यात ओरडून सुटत नाही. तो चार महिने आधी एकत्र बसून सुटतो. म्हणून शांतता समितीत किंवा वस्तीच्या समितीत आपल्या समाजाची जागा मागून घ्या. निमंत्रणाची वाट पाहू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाठवावयाची माणसे केवळ पुढारी नसावीत. शिक्षक, अंगणवाडी ताई, गॅरेजवाला मुलगा, मोलमजुरी करणारी बाई, ज्यांच्या शब्दाला गल्लीत मान आहे अशी माणसे पाठवा. निम्म्या जागा स्त्रियांना द्या, कारण कोणत्या घरात कशाची धुसफूस चालली आहे, हे पुरुषांच्या आधी त्यांनाच कळते. बैठकीची वही ठेवण्याचा आग्रह धरा. कोण आले, काय ठरले, कोणी काय कबूल केले, हे लिहून सह्या घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणीचे महत्त्व शिकविले आहे. तोंडी आश्वासन वाऱ्यावर उडते, लिहिलेले राहते.

तरुण बंधूंना दोन शब्द सांगतो. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी, ज्या समाजाविषयी तो आहे त्या समाजातील एका माणसाला विचारा. असा विचारण्याजोगा माणूस आपल्या ओळखीत नसेल, तर प्रथम ती ओळख करून घ्या. पुतळ्याच्या विटंबनेची वार्ता आली तर रक्त तापते, हे मी जाणतो; माझेही तापते. परंतु बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजाविले होते की, सामाजिक व आर्थिक ध्येये गाठण्यासाठी आपण संविधानाच्या मार्गाने चालले पाहिजे आणि रक्तपाताचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. आपण फेकलेला दगड आपल्या मुलाच्या नोकरीच्या अर्जावर येऊन पडतो.

आणि ज्या मुलामुलींना पोलिसात जावयाचे आहे, त्यांनी अवश्य जावे. माझा तो अशील जाऊ शकला नाही, आपण जा. खाकी गणवेश ही कोणा एका जातीची मिरास नाही. मात्र तेथे गेल्यावर आपल्या वस्तीची आठवण ठेवा, आणि दुसऱ्याच्या वस्तीत काठी घेऊन जावयाच्या आधी तेथील दोन माणसांची नावे जाणून घ्या.

शाक्यांच्या संघाने सिद्धार्थाची सूचना फेटाळली, तेव्हा त्याच्या बाजूने बहुमत नव्हते. आज या विहारात बसलेल्या आपण सर्वांनी त्याला शरण जाण्याची प्रतिज्ञा केली आहे. त्याची ती सूचना आपल्या गावापुरती तरी मान्य करणे, हे त्या प्रतिज्ञेचेच एक अंग आहे. पुढच्या बैठकीत आपली माणसे बसलेली असतील, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.

जयभीम!